नोवोआ : आविया नदीकाठचे एक आडनाव

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, पोर्तुगालच्या बरोबर वर, गालिसिया हा प्रदेश आहे. त्याचे चार प्रांत. त्यांपैकी ओरेन्से या एकाच प्रांताला समुद्रकिनारा नाही. याच प्रांतातून आविया नदी डोंगर उतरत येते आणि रिबादाविया या जुन्या गावापाशी मिन्यो नदीला मिळते. खोऱ्याच्या दोन्ही उतारांवर पायऱ्या-पायऱ्यांनी द्राक्षमळे लावलेले आहेत. इथल्या वाइनला रिबेइरो म्हणतात आणि मध्ययुगापासून ती दूरदूर जात आली आहे. १३८६-८७ मध्ये लँकेस्टरच्या ड्यूकचे इंग्रज सैन्य गालिसियात उतरले, तेव्हा रिबादावियाची वाइन पिऊन शिपाई आडवे झाल्याचे फ्रान्सच्या बखरकार फ्रुआसारने नोंदवून ठेवले आहे. या खोऱ्यातल्या एका मुलखाला त्या काळी ‘तेर्रा दे नोवोआ’, म्हणजे नोवोआचा मुलूख, असे नाव होते. आज तो मुलूख प्रशासनाच्या नकाशावर उरलेला नाही; पण सान्तो एस्तेवो दे नोवोआ या नावाचे एक पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा गट, कार्बाल्येदा दे आविया या तालुक्यात अजून आहे. नोवोआ हे आडनाव याच भूमीतून निघाले, आणि हे पुस्तक त्या आडनावाबद्दल आहे.

एका आडनावावर पुस्तक कशाला, असे कुणी विचारील. माझे उत्तर असे की गालिसियाचा इतिहास राजांच्या याद्यांतून फारसा कळत नाही. तिथे स्वतंत्र राज्य फार काळ टिकले नाही, राजधान्या दूर होत्या, आणि माणसे सतत बाहेर पडत राहिली. ती कुठून निघाली, कुठल्या वाटेने गेली आणि कुठे थांबली, याची खूण त्यांच्याबरोबर गेलेल्या नावांतच शिल्लक राहिली. त्यातही फार पसरलेली नावे उपयोगी पडत नाहीत. रोद्रिगेस, फर्नांदेस, गोन्सालेस ही गालिसियातली सर्वांत मोठी आडनावे बापाच्या नावावरून पडली. रोद्रिगो नावाचा बाप कुठल्याही गावात असू शकत होता, त्यामुळे ती हजार ठिकाणी स्वतंत्रपणे उगवली. अशा नावाचा माग काढायला गेले तर पहिल्याच वळणावर वाट फुटते. विरळ आडनावाचे तसे नाही. एका ठिकाणचे नाव त्याच्या पोटात असते, आणि ते ठिकाण नकाशावर दाखवता येते.

गालिसियात अशी स्थलनामे अमाप आहेत. पावणेचार हजारांच्या आसपास पॅरिश आणि त्यांच्या पोटात तीस हजारांच्या आसपास लहानमोठ्या वस्त्या, असा हा विखुरलेला प्रदेश. दहा घरांच्या वाडीलाही स्वतःचे नाव असते. वाडी सोडून दुसरीकडे गेलेल्या माणसाला नव्या गावात ‘दे अमुक’, म्हणजे अमुक गावचा, असे ओळखत. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘कर’ जोडून जे साधते, तेच हा ‘दे’ साधतो. फरक एवढाच की ‘कर’ नावाला कायमचा चिकटतो, तर ‘दे’ पिढ्यांच्या ओघात गळून पडतो आणि मागे नुसते गाव उरते. शुआन दे नोवोआचा पणतू लिहिताना नुसता नोवोआ होतो. यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. माणूस जोवर आपल्याच गावात राहतो तोवर गावाचे नाव त्याला लावण्यात अर्थ नसतो, कारण तिथे सगळेच त्या गावचे. म्हणून स्थलनामावरचे आडनाव बहुधा गाव सोडल्यावर पडते. नोवोआ आडनावाची पहिली माणसे नोवोआच्या मुलखाबाहेर अधिक दिसतात, यात आश्चर्य नाही.

अपवाद सरदारांचा. ज्याच्या हाती मुलूख, त्याला मुलखाचे नाव, हा मध्ययुगीन रिवाज होता. नोवोआ घराणे याच रीतीने पुढे आले. त्यांचे बळ पुढे ओरेन्से शहराच्या आग्नेयेला, सान मामेदे डोंगराच्या पायथ्याशी, मासेदाच्या किल्ल्यात एकवटले. कास्तीयचा राजा दहावा आल्फोन्सो, ज्याच्या नावावर कुमारी मेरीची चारशेहून अधिक गीते आहेत, त्याच्या बालपणाचा काही काळ मासेदा आणि आयारिस या भागात गेला अशी परंपरा आहे. ती गीते कास्तीयनमध्ये, म्हणजे आपण ज्याला स्पॅनिश म्हणतो त्या भाषेत, नाहीत, गालिसियन-पोर्तुगीज भाषेत आहेत. त्या काळी या भाषेचा मान केवढा होता हे त्यावरून कळते. आज गालिसियन आणि पोर्तुगीज अशा ज्या दोन भाषा आपण मानतो, त्या तेव्हा एकच होत्या, आणि मिन्यो नदी ही माणसांना अडवणारी सीमा नव्हती. नोवोआ घराण्यातली माणसे नदी ओलांडून पोर्तुगालला गेली ती परदेशात जातोय अशा भावनेने गेली नसावीत.

त्यांतला एक माणूस आपल्या किनाऱ्यापर्यंत आला. पोर्तुगीज कागदांत त्याचे नाव जोआंव द नोवा. गालिसियन इतिहासकार त्याला शुआन दे नोवोआ म्हणतात. जन्म मासेदाचा. पंधराव्या शतकात गालिसिया पेटलेला होता. १४६७ ते १४६९ या दोन वर्षांत शेतकरी, कारागीर आणि गावकऱ्यांच्या ‘इर्मान्दिन्यो’ नावाच्या संघाने सरदारांचे शंभराहून अधिक किल्ले पाडले, आणि मग सरदारांनी परत येऊन त्याच माणसांकडून ते पुन्हा बांधून घेतले. या धामधुमीत आणि सरदारांच्या आपसांतल्या वैरांत घरच्यांनी शुआनला पोर्तुगालला पाठवले. तिथे तो राजाच्या नजरेत भरला. १४९६ मध्ये राजा मानुएलने त्याला लिस्बन शहराच्या कारभारात अधिकाराची जागा दिली. १५०१ च्या मार्चमध्ये हिंदुस्थानकडे जाणाऱ्या तिसऱ्या पोर्तुगीज आरमाराचे नेतृत्व त्याच्याकडे आले. जहाजे फक्त चार, आणि त्यांतली सगळी राजाची नव्हती. फ्लॉरेन्सचा सावकार बार्तोलोमेओ मार्किओनी याचा पैसाही त्यांत होता.

या सफरीबद्दल पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे, आणि मी ते मुद्दाम लांब ठेवले आहे. वाटेत अटलांटिकमध्ये त्याला एक ओसाड बेट दिसले. ते पुढे असेन्शन म्हणून ओळखले गेले. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाजवळ सांव ब्रास, म्हणजे आजचे मॉसेल बे, इथे तो पाण्यासाठी थांबला, तेव्हा एका झाडाला टांगलेल्या जोड्यात एक पत्र सापडले. आधीच्या आरमारातला कप्तान पेरो द आताईद याने ते मागून येणाऱ्यांसाठी ठेवले होते. कालिकतचा राजा सामुतिरी आणि आधीच्या आरमाराचा प्रमुख काब्राल यांचे बिनसले आहे, तिथे रक्तपात झाला आहे, जपून जा, असा त्याचा आशय. हे पत्र मिळाले नसते तर नोवा सरळ कालिकतच्या बंदरात शिरला असता. पत्रामुळे तो कन्नूर आणि कोचीनकडे वळला. १५०१ च्या अखेरीस कन्नूरसमोर सामुतिरीच्या मोठ्या आरमाराने त्याला वेढले. नोवाने जवळ जाऊन हातघाईची लढाई टाळली, जहाजे एकामागोमाग ठेवली आणि तोफांच्या जोरावर वेढ्यातून वाट काढली. परतीच्या वाटेवर, १५०२ मध्ये, त्याला सेंट हेलेना बेट सापडले. तीन शतकांनंतर नेपोलियनने आपले शेवटचे दिवस काढले ते याच बेटावर. मोझांबिकच्या सामुद्रधुनीतले एक चिमुकले प्रवाळबेट आजही ‘जुआन दे नोव्हा’ या नावाने नकाशावर आहे. ते फ्रान्सच्या ताब्यात आहे आणि मादागास्कर त्यावर हक्क सांगतो. माझ्या माहितीत आविया खोऱ्यातून निघालेल्या दुसऱ्या कुठल्याही नावाला समुद्रात अशी स्वतःची जागा मिळालेली नाही.

१५०५ मध्ये तो पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेदाबरोबर पुन्हा आला. ‘फ्लोर द ला मार’ हे त्या काळचे मोठे जहाज त्याच्या हाती होते. गळत्या तळामुळे ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अडकून पडले. पुढे होर्मुझच्या मोहिमेत तिचा प्रमुख आफोन्सु द आल्बुकर्क याच्याशी त्याचे जोराचे भांडण झाले आणि १५०८ मध्ये तो आल्मेदाच्या बाजूला गेला. याच काळात मराठी वाचकाला थबकवणारी घटना घडते. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस दीवच्या वाटेवर असलेल्या आल्मेदाच्या आरमाराने दाभोळ बंदरावर हल्ला करून ते जाळले आणि लोकांची कत्तल केली. मुलाच्या मृत्यूचा सूड घ्यायला निघालेल्या आल्मेदाने दाभोळसारख्या नांदत्या बंदराला दिलेली ती शिक्षा होती, आणि दाभोळ तीत होरपळले. ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवची लढाई झाली. त्याच वर्षी नोवा कोचीनला निर्धन अवस्थेत वारला. जुना वैरी आल्बुकर्क याने भांडण विसरून त्याच्या अंत्यविधीची सोय केली. माणूस म्हणून नोवाचे धैर्य मला मोलाचे वाटते. पण त्या आरमाराने कोकणात काय केले ते बाजूला ठेवून त्याचे कौतुक करणे मला जमत नाही, आणि या पुस्तकात मी ते केलेले नाही.

आडनावाच्या दृष्टीने या माणसाची गोष्ट आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. परक्या लेखनिकांच्या कानावर ‘नोवोआ’ पडले आणि कागदावर ‘नोवा’ उमटले. पोर्तुगीजमध्ये नोवा हा नेहमीचा, नवी या अर्थाचा शब्द. अनोळखी नाव ओळखीच्या शब्दात बसवणे सोपे. एका अक्षराच्या लोपाने तो आपल्या गावापासून तुटला, आणि शतकानुशतके त्याचे गालिसियनपण पोर्तुगीज इतिहासात मागे पडले. अशी उदाहरणे पुढे अमेरिकेत शेकड्यांनी येतात. कास्तीयनमध्ये आणि गालिसियनमध्येही ब आणि व्ह यांचा उच्चार सारखाच. म्हणून एकच नाव कुठे ‘नोवोआ’ लिहिले गेले, कुठे ‘नोबोआ’. गालिसियनमध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो आणि तो दाखवायला ‘ओ’वर चिन्ह देतात, कास्तीयन लेखनिकांनी ते चिन्ह गाळले, आणि चिन्ह गेल्यावर स्पॅनिशच्या नियमाप्रमाणे जोर मधल्या अक्षरावर सरकला. ओरेन्सेतला वृद्ध शेतकरी आणि इक्वाडोरच्या ग्वायाकिलमधला त्याचा दूरचा नामबंधू आपापले आडनाव उच्चारतात तेव्हा ते एकच नाव आहे हे ऐकून चटकन कळत नाही.

ग्वायाकिलचा उल्लेख आला तो योगायोगाने नाही. ‘ब’चे लेखन इक्वाडोरमध्ये सर्वांत ठळक झाले. त्या देशाला नोबोआ आडनावाचे तीन राष्ट्राध्यक्ष मिळाले : १८५०-५१ मध्ये दिएगो नोबोआ, २००० ते २००३ गुस्तावो नोबोआ, ज्यांच्या काळात देशाचे आपले चलन सोडून डॉलर स्वीकारण्याचे काम पूर्ण झाले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी पदावर आलेले दानियेल नोबोआ. लुईस नोबोआ नारान्हो यांनी केळ्यांच्या निर्यातीतून उभारलेला उद्योग जगभर पोचला. चिलीत ‘व्ह’चे लेखन टिकले. तिथले कायदेपंडित एदुआर्दो नोवोआ मोनरेआल हे राष्ट्राध्यक्ष आयेन्दे यांचे सल्लागार होते आणि १९७१ मध्ये चिलीने तांब्याच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या त्यामागचा कायदेशीर विचार त्यांचा होता. पोर्तुगालमध्ये मात्र पहिल्या अक्षरावरचा जोर आणि चिन्ह दोन्ही राहिले. २०१६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दुसरे आलेले शिक्षणतज्ज्ञ आंतोनिओ साम्पाइओ द नोवोआ हे वालेन्साचे. हे गाव मिन्यो नदीच्या दक्षिण काठावर आहे. पलीकडे गालिसिया दिसतो.

या नावाची अमेरिकेतली पसरण एकाच काळातली नाही, आणि या पुस्तकाचा मुख्य दावा इथेच आहे. पहिली लाट वसाहतकाळाची : सैनिक, कारकून, पाद्री. ती लहान होती, पण जुनी असल्यामुळे तिच्यातून वाढलेली घराणी आज मोठी दिसतात. दुसरी लाट एकोणिसाव्या शतकाची, आणि तिचे कारण आविया खोऱ्यातच शोधायला हवे. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला ओइडियम ही बुरशी रिबेइरोच्या द्राक्षमळ्यांवर आली. द्राक्षावर राखेसारखी पांढरी भुकटी चढते, मणी तडकतात, पीक जाते. ज्या खोऱ्याचे सगळे जगणे एका पिकावर होते तिथे याचा अर्थ उपासमार. त्याच सुमारास १८५३ मध्ये स्पेनने आपल्या नागरिकांना अमेरिकेत स्थलांतर करायची परवानगी दिली. भूक आणि परवानगी एकाच वेळी भेटली. मग ला कोरुन्या आणि विगोच्या बंदरांतून माणसे हवाना, बुएनोस आयरेस, मोन्तेविदेओकडे निघाली आणि पुढची शंभर वर्षे निघतच राहिली. हवानात गालिसियन लोकांनी १८७९ मध्ये आपले केंद्र काढले. त्याची भव्य वास्तू आज शहराचे मोठे नाट्यगृह आहे. बुएनोस आयरेसमध्ये गालिसियन इतके झाले की अर्जेंटिनात कुठल्याही स्पॅनिश माणसाला ‘गालेगो’ म्हणू लागले. या दुसऱ्या लाटेतले नोवोआ सरदारघराण्याचे नव्हते. ते द्राक्षमळ्यांत राबणारे होते, आणि बहुसंख्य आजचे नोवोआ त्यांचेच वंशज असावेत असे मला वाटते.

म्हणून आडनावांच्या ढाली-मुकुटांच्या रंगीत प्रती विकणाऱ्यांवर माझा राग आहे. नोवोआ नाव दिसले की मासेदाच्या सरदारांचे चिन्ह काढून द्यायचे, हा धंदा दोन्ही खंडांत चालतो. त्यात ज्या शेतकऱ्याने मुलाला जहाजात बसवले त्याचा इतिहास पुसला जातो आणि त्याच्या जागी न मिळालेला किल्ला बसवला जातो. आडनाव जागेचे असते, रक्ताचे नसते. एका मुलखाचे नाव सरदाराने घेतले, त्याच्या कुळांनी घेतले, आणि तिथून निघालेल्या चांभारानेही घेतले. अमेरिकेत गुलामांना मालकाची आडनावे मिळाली. गोव्यात आणि वसईत बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता किंवा पाद्र्याचे पोर्तुगीज आडनाव मिळे. गोव्यातल्या आंद्राद आडनावाचे मूळ पोन्तेदेउमेजवळच्या सान मार्तिन्यो दे आंद्रादे या गालिसियन पॅरिशमध्ये आहे. पण म्हणून गोव्याचे आंद्राद गालिसियातून आले असे कुणी म्हणणार नाही. जनुकीय तपासणीही इथे फार पुढे नेत नाही. पितृवंशाची जी खूण पश्चिम युरोपात सर्वत्र आढळते ती सापडल्याने दोन नोवोआ एका पूर्वजाचे ठरत नाहीत. नेमक्या शाखेपर्यंत तपास गेला तरच काही बोलता येते, आणि तेही कागदांच्या आधाराने.

कागद कधीपासून मिळतात हेही सांगितले पाहिजे. १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने चर्चमध्ये बाप्तिस्मे आणि लग्ने नोंदवणे सक्तीचे केले. त्याआधीच्या सामान्य माणसाचे नाव क्वचित कुठल्या खंडणीच्या यादीत सापडते. आणि त्यानंतरही आडनाव पक्के नव्हते. एकाच घरातली तीन भावंडे बापाचे, आईचे आणि आजीचे अशी तीन वेगळी आडनावे लावत. १८७० च्या नागरी नोंदणीच्या कायद्याने पहिले आडनाव बापाचे, दुसरे आईचे ही रीत कायम केली. विरळ आडनावांची गाळण इथेच होते. स्पेनमध्ये लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही, ही चांगली गोष्ट; तिचे आडनाव मुलांना दुसरे म्हणून मिळते. पण नातवंडांना ते मिळत नाही, कारण मुले पुढे आपले पहिलेच देतात. एका पिढीत फक्त मुली झाल्या की दोन पिढ्यांत नाव गेले. मासेदाच्या सरदारांचेच पाहा : सतराव्या शतकात त्यांना काउंट ही पदवी मिळाली तेव्हा धारकाचे नाव होते आलोन्सो दे लान्सोस इ नोवोआ. घराण्याचे जुने नाव तोवर दुसऱ्या जागी सरकले होते. १९९९ च्या कायद्याने आईचे आडनाव आधी ठेवायची मुभा दिली. काही विरळ नावे त्यामुळे वाचतील अशी मला आशा आहे.

विसाव्या शतकात हे नाव गालिसियात सर्वांत जास्त ओळखले गेले ते रोबेर्तो नोवोआ सान्तोस यांच्यामुळे. १८८५ मध्ये ला कोरुन्याला जन्मलेल्या या डॉक्टरांनी सान्तियागो दे कोम्पोस्तेलाच्या विद्यापीठात विकृतिशास्त्र शिकवले. त्यांचे सामान्य विकृतिशास्त्रावरचे पाठ्यपुस्तक स्पॅनिश जगात पिढ्यांनी वापरले. फेरोलच्या रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. १९३१ च्या घटनासभेत ते गालिसियाचे प्रतिनिधी होते आणि तिथे स्त्रियांच्या मताधिकाराविरुद्ध बोलले. त्या भाषणातला विचार विज्ञानाच्या वेषातला पूर्वग्रह होता, आणि तोही त्यांच्या चरित्राचा भाग म्हणून मी लिहिला आहे. १९३३ मध्ये ते गेले.

आजच्या स्पेनमधली पसरण समजण्यासाठी मी दोन साधनांवर भर दिला. एक, स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची प्रांतवार आडनावयादी. दुसरे, सान्तियागोच्या विद्यापीठातील गालिसियन भाषा संस्थेने तयार केलेला गालिसियाच्या आडनावांचा नकाशा, ज्यात तालुक्यापर्यंत उतरता येते. तो नकाशा उघडला की नोवोआचा गडद ठिपका ओरेन्से प्रांतात दिसतो. किनाऱ्याकडे तो फिका होत जातो, विगोसारख्या कामाच्या शहरांपाशी थोडा घट्ट होतो. सातशे-आठशे वर्षे, इर्मान्दिन्यो युद्ध, ओइडियम, जहाजे, एवढे सगळे होऊनही मधला ठिपका हललेला नाही. अमेरिकेत मात्र असा मध्य नाही. बंदरापासून रेल्वेच्या, खाणींच्या आणि मळ्यांच्या वाटांनी नाव विखुरले.

शेवटी लेखनाविषयी. मूळ गावासाठी आणि गालिसियातल्या माणसांसाठी मी ‘नोवोआ’ वापरले आहे, इक्वाडोरच्या घराण्यांसाठी त्यांचे स्वतःचे ‘नोबोआ’, आणि कोचीनला वारलेल्या दर्यावर्द्यासाठी पोर्तुगीज कागदांतले ‘नोवा’. मूळ अक्षरांतले जोराचे चिन्ह देवनागरीत दाखवता येत नाही; वाचकांनी ‘नो’वर जोर द्यावा. स्पेनमध्ये आता आडनावाचे लेखन आपल्या भाषेच्या नियमाप्रमाणे दुरुस्त करून घ्यायला कायद्याने वाट आहे. ज्या गालिसियन कुटुंबांना हवे, त्यांना नोंदणी कार्यालयात अर्ज देऊन गाळलेले चिन्ह परत मिळवता येते.